बारा पोरी, बारा घरं

पहाटे ५:१०

शाळेच्या मागच्या फाटकाला कुलूप नाही, तारेचा आकडा आहे. सर तो काढतात आणि मोटारसायकल आत ढकलतात. मोबाइलची बॅटरी लावून फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवतात. तेवढ्या उजेडात मैदान बघायचं. रात्री पाऊस येऊन गेलाय. काल संध्याकाळी मारलेली फक्की वाहून गेलीय. मधल्या पाटीची एक रेघ तेवढी अर्धीमुर्धी शिल्लक आहे.

फक्कीची गोणी २५० रुपयांना येते. पावसाळ्यात आठवड्याला एक लागते. शाळेकडून महिन्याला एक मिळते. बाकीच्या गोण्या सरांच्या खिशातून.

धाराशिव तालुक्यातलं हे गाव. काळी जमीन, तिच्यावर लोकवर्गणीतून टाकलेला दोन ट्रॅक्टर मुरूम. दोन टोकांना दोन लाकडी खांब, छातीइतके उंच. सर दोन्ही खांब हलवून बघतात. माती सैल झाली की खांब डुलतो. पळणारी पोरगी याच खांबाला एका हाताने धरून गर्रकन वळते, म्हणून तो घट्टच लागतो. सर बुडाशी दगडाची पाचर ठोकतात. सुतळी ताणतात. रेघा पुन्हा पहिल्यापासून.

श्रावण सरत आलाय. तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धा आठ दिवसांवर आल्यात. सरांचा संघ सतरा वर्षांखालच्या मुलींचा.

५:४०

पोरी येतात. कुणी सायकलवर, कुणी चालत, एक जण वडिलांच्या मागे बसून शेजारच्या गावाहून. सर मोजतात. बारापैकी नऊ.

मग फोन काढतात. पालकांचा ग्रुप आहे. त्यावर फुलं, सुविचार, वाढदिवस काही नाही. सर ग्रुपवर लिहीतही नाहीत, बोलतात. आवाज रेकॉर्ड करून टाकतात. निम्म्या घरांत फोन आईच्या हाती असतो, आणि बऱ्याच आयांना वाचायला वेळ लागतो. ऐकायला लागत नाही. चुलीपुढं बसून ऐकता येतं.

"नऊ जणी मैदानावर पोचल्या. साडेसातला सुटतील." एवढंच. संध्याकाळी असंच दुसरं. हे दोन निरोप रोज जातात. पहाटे अंधारात पोरीला घराबाहेर सोडणारी आई या निरोपांच्या भरवशावर सोडते.

न आलेल्या तिघींपैकी एकीच्या आईचा निरोप आधीच आलाय. "सर, आज उडीद उपटायला माणसं लावल्यात. तिला घरी ठेवलीय. उद्या येती." दुसरीला ताप आहे. तिसरीचा काहीच पत्ता नाही. ती दोन नंबरची जर्सी, संघातली सगळ्यात चांगली मारणारी. तिच्या वडिलांचा फोन तीन दिवस लागत नाही. रिचार्ज संपलेलं असणार. सर वहीत तिच्या नावापुढं एक टिंब देतात.

६:०५

नऊच जणी आहेत, त्यामुळं पुरा डाव होत नाही. पाटीवर पाच बसवल्या. एक मारायला, तिघी पळायला. बसलेल्यांची तोंडं एकीची इकडे, शेजारणीची तिकडे.

सरांच्या गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच. "हात आणि आवाज एकदम!" पाठीला हात आधी लागला आणि "खो" मागून आलं तर पंच शिट्टी मारणार. पाटीवरून उठलेली पोरगी एकदा ज्या दिशेला निघाली ती तिथूनच पुढे जाणार. तिला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला सगळं मोकळं. म्हणून पळणारी हुलकावणी देते, खांदा एकीकडे टाकते, पाय दुसरीकडे.

सात नंबर पळतेय. सडपातळ, वेणी दोनदा गुंडाळून बांधलेली. दोन मिनिटं झाली, अजून बाद नाही. तिचे डोळे मारणारीवर नाहीत, पाटीवरच्या पोरींच्या टाचांवर आहेत. कुणाची टाच उचलली की तिला कळतं खो कुणाला जाणार. हे शिकवायला सरांना दोन वर्षं लागली.

मुरुमावर सूर मारायचा म्हणजे गुडघे सोलतात. नी-कॅपची जोडी १८० रुपयांना. बाराजणींत सहा जोड्या. मारणाऱ्या घालतात, डाव बदलला की काढून देतात.

कंपाउंडच्या भिंतीबाहेरून मोठा आवाज येतोय. "आत घे! आत घे म्हणतो ना! पळ!" शेजारच्या गावाहून लेकीला घेऊन येणारे वडील. त्यांचं खताचं दुकान आहे. रोज येतात, मोटारसायकलवर बसून बघतात, ओरडतात. लेक अकरा नंबर. ती पळायला उतरली की तिचं एक लक्ष भिंतीकडे. बाद होते. पुन्हा उतरते, पुन्हा बाद. सर तेव्हा काही बोलत नाहीत. वहीत सेकंद लिहितात.

७:२०

सुटायला दहा मिनिटं आहेत. सर पोरींना अंग सैल करायचे व्यायाम लावून भिंतीकडे जातात.

"सर, आमची पोरगी राखीव कशापायी?" वडील वाटच बघत होते.

"दादा, आत या. बसून बोलू."

दोघं फाटकाजवळच्या ओट्यावर बसतात. सर वही उघडून त्यांच्या मांडीवरच ठेवतात. शंभर पानी, रेघा हाताने मारलेल्या. प्रत्येक पोरीचं एक पान. तारीख, पळतीचे सेकंद, मारतीत किती गडी टिपले.

"ही तुमची लेक. जूनमध्ये पस्तीस सेकंद. आता पन्नासला आलीय. वाढ चांगली आहे. पण पहिल्या तुकडीतल्या तिघी बघा. तिघी दीड मिनिटाच्या पुढं आहेत."

वडील पानं उलटतात. दुसऱ्यांच्या पोरींची पानंही बघतात. सर बघू देतात.

"मग मारतीत घ्या की."

"मारतीत ती उजवीकडंच वळते. समोरच्या संघाला दोन मिनिटांत कळतं. त्याच्यावर काम चाललंय. हे मी तिला परवा सांगितलंय. विचारलं, वडिलांना तू सांगतेस का मी सांगू. म्हणाली, तुम्ही सांगा."

वडील गप्प.

"आणि अजून एक. आज ती तीनदा बाद झाली. तिन्ही वेळा तुमच्याकडं बघत होती. तुम्ही रोज या, आत येऊन बसा. मैदानात आवाज मात्र एकाचाच पाहिजे."

"माझ्यामुळं बाद होती व्हय?"

"आज तरी तसंच झालं."

वडील वही परत देतात. किक मारतात. "बघू," म्हणतात. लेक मागे बसते. ती सरांकडे बघत नाही, वडिलांच्या पाठीकडेही बघत नाही.

मला सरांचं हे पटलं. निवड आधी पोरीला सांगायची, मग घरी. संघाची यादी फळ्यावर लावून मोकळं होता येतं, बरेच जण होतात. मग पोरगी घरी जाऊन काय सांगते, बाप ते कसं ऐकतो, दुसऱ्या दिवशी तो कुणाकुणाला फोन करतो, हे सगळं त्या फळ्यामागे वाढत राहतं. सर ते वाढू देत नाहीत. त्यासाठी वही मांडीवर ठेवायची तयारी लागते.

७:४०

मोड आलेली मटकी, शेंगदाणे, गूळ. मटकी सरांच्या घरून, रात्री भिजवून फडक्यात बांधलेली. शेंगदाणे एका पोरीच्या आजोबांनी पायलीभर पाठवलेत. गूळ विकतचा. पोरी मुठीमुठीने खातात, हापशावर पाणी पितात आणि घराकडे पळतात. आंघोळ, भाकरी, शाळा. काहीजणी जाताना शेळ्या सोडून येणार.

सर पण घरी. म्हशीचं दूध काढायचंय, दोन एकरांत सोयाबीन आहे.

१०:४५

सरांचं शिक्षण बी.पी.एड. नेमणूक क्रीडाशिक्षक म्हणून, पण आठवीला भूगोलही त्यांच्याकडेच. संस्थेकडून महिना बारा हजार. दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात.

दुसऱ्या तासाला ते ऑफिसात बसतात. स्पर्धेचे कागद. प्रत्येक पोरीचा बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, जन्मतारखेचा दाखला, फोटो, पालकांचं संमतीपत्र. झेरॉक्स दोन रुपये पान. फोटोंच्या आठ प्रतींना साठ रुपये, तेही धाराशिवला जाऊन. आधारवर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, अशी एक पोरगी दर वर्षी निघतेच. यंदा निघालीय. तिच्या वडिलांना तालुक्याला पाठवायचं म्हणजे त्यांची एक दिवसाची मजुरी बुडणार. सर बाकीचे कागद आधी लावून घेतात, म्हणजे एकाच खेपेत काम होईल.

संमतीपत्र संगणकावरचं तयार आहे. त्यात जबाबदारी पालकांची, दुखापत झाल्यास शाळा जबाबदार नाही, असं सगळं आहे. सर ते घरोघर वाचून दाखवतात. खाली आपल्या हाताने दोन ओळी वाढवतात. सोबत कोणत्या बाई येणार, आणि किती वाजता परत पोचणार.

हिंदीच्या बाई सोबत येणार आहेत. मुलींच्या संघाबरोबर बाई पाहिजेच. बाईंच्या घरी लहान मूल आहे. त्यांच्या सासूबाईंना आठ दिवस आधी सांगावं लागतं. तेही सरांनीच सांगितलंय.

दुपारी १:२०

मधल्या सुट्टीत सर दुसरी वही काढतात. ही छोटी, खिशात मावणारी. पालकांची वही.

एका पानावर एक घर. फोन कुणाचा, कधी लागतो. एका पुढे "रात्री आठनंतर, कारखान्यावरून आल्यावर". एका पुढे "फोन काकाचा, निरोप नीट पोचत नाही". आणि शेवटचा रकाना: घरात शब्द कुणाचा चालतो. वडील. आजी. आजी. मोठा चुलता. आई, पण वडिलांसमोर नाही. मामा, पुण्याहून फोनवर.

हा रकाना मी बराच वेळ बघत होतो. शाळेच्या सगळ्या कागदांवर "पालकांची सही" म्हणून एकच रेघ असते. ती कुणाला विचारून होते, ते फक्त या वहीत आहे.

पोरींचे स्वतःचे नंबर वहीत नाहीत. तिघींकडे फोन आहेत. सर त्यावर कधीच फोन करत नाहीत. करायचा तो घरच्यांच्या फोनवर.

शेवटच्या पानावर गाडीचा हिशेब. धाराशिवला एसटी आहे, मुलींना आणि बाईंना अर्धं तिकीट लागतं. पण पहिली गाडी पोचते सव्वाआठला आणि मैदानावर हजेरी आठची. म्हणून क्रूझर. जाऊन-येऊन २,२००. शाळा हजार देणार. उरलेले बाराशे बाराजणींत, प्रत्येकी शंभर. आठ जणींचे आलेत. चौघींचे बाकी आहेत. कुणाचे बाकी, हे ग्रुपवर कधी येत नाही.

४:४५

आभाळ भरून आलंय, पण पडत नाही. दहा जणी आहेत. उडदाचं काम आटोपून तीन नंबरही आलीय. हाताच्या बोटांना हिरवट-काळे डाग.

अकरा नंबरचे वडील आता फाटकाच्या आत, ओट्यावर बसलेत. हाताची घडी घालून.

पाच वाजून वीस मिनिटं. सात नंबर खांबाला वळसा घालताना ओल्या मुरुमावर घसरते. पाय आत मुडपतो. ती बसते, उठत नाही.

सर पळत जातात, पण तिला उचलत नाहीत. आधी बोटं हलवायला सांगतात. हलतात. मग दोन्ही बाजूंनी घोट्याच्या हाडाला हळूच दाबून बघतात. दुखतं, पण किंचाळण्याइतकं नाही. एका पोरीला दुकानात पिटाळतात. ती पेप्सीच्या बर्फाच्या कांड्या घेऊन येते, दोन रुपयाला एक, अशा दहा. टॉवेलात गुंडाळून घोट्यावर. मग क्रेप बँडेज, पाय दगडावर उंच.

आणि लगेच फोन. पोरगी अजून रडतेय, तेवढ्यात.

"आक्का, पोरगी बरी हाय. आधी हे ऐका. खेळताना पाय मुरगळलाय. माझ्यासमोरच. बर्फ लावलाय. मी स्वतः घेऊन येतो."

दुखापतीची बातमी पोरीच्या आधी सरांकडून पोचली पाहिजे, हा त्यांचा नियम. आणि पहिलं वाक्य पोरगी बरी असल्याचं. "पाय" हा शब्द आधी गेला की पुढचं काही ऐकू जात नाही, असं ते म्हणतात.

६:१५

मोटारसायकलवर सर पुढे, मध्ये तीन नंबर, मागे सात नंबर. एकट्या पोरीला ते मागे बसवत नाहीत. गावात सगळ्यांना हे माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत असणं गरजेचं आहे.

दारात आई, आत खाटेवर वडील. वडिलांचा चेहरा तापलेला.

"बास झालं सर आता. शाळा शिकवा. ह्ये पळणं बंद."

सर उंबऱ्याच्या आत येतात, खाली बसतात. खेळण्याच्या विषयावर स्वतःहून एक शब्द बोलत नाहीत. फक्त पाय. "आज रात्री उशीवर पाय उंच. मी अजून चार कांड्या आणल्यात, तासाने लावा. उद्या सकाळी पाय टेकवून बघायचा. भार घेता आला नाही तर धाराशिवला एक्स-रे. गाडी मी आणतो, एक्स-रेचे पैसे माझ्याकडे."

"आंबेहळद लावते मी," आई म्हणते.

"लावा. पण चोळू नका."

"स्पर्धेला खेळंल का?" हे विचारलं वडिलांनीच.

"आज सांगत नाही. सहा दिवस मैदान नाही. सातव्या दिवशी बघू. दुखत असेल तर मी उतरवणार नाही, ती म्हणाली तरी."

चहा येतो. वडील कप सरांच्या हातात देतात. खेळ बंद, हे पुन्हा म्हणत नाहीत. हो असंही म्हणत नाहीत.

७:०५

दोन नंबरचं घर गावाच्या पांदीकडच्या टोकाला. ओसरीत आजी मुगाच्या शेंगा सोलतेय. पोरगी आत भाकरी करतेय, लहान भाऊ तिच्या पायाशी. ओढणी कमरेला खोचलेली, हात पिठाचे. सरांना बघून ती चुलीकडे तोंड फिरवते.

आई बाहेर येते. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे गेलेत.

"तीन दिस झालं वहिनी, पोरगी नाही मैदानावर."

"उचल घेतलीय सर. दोघांचा कोयता. दसरा झाला की गाडी येती. ह्या बारक्याला कोपीवर कोण बघणार? तिला न्यावंच लागतंय. मग आतापासनंच कशाला पळायचं, म्हणले हे."

सर लगेच उत्तर देत नाहीत. आजीसमोर बसतात. सुपातली मूठभर शेंग घेऊन सोलायला लागतात. मूग एका बाजूला, टरफल एका बाजूला.

"तालुका आठ दिवसांनी. तो दसऱ्याच्या आत. सकाळी जायचं, सांजच्याला घरी."

"मुक्काम?"

"तालुक्याला मुक्काम नाही. पुढं गेलो तर असतो. बाई सोबत असतात, पोरी एका खोलीत."

सर पाकिटातून एक कात्रण काढतात. लॅमिनेशन केलेलं, कडा पिवळ्या. सारिका काळे. याच जिल्ह्यातली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राचीच. पण सर या घरात विश्वचषक काढत नाहीत.

"ही तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात. त्याला वरच्या स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं. तिथं जायचा रस्ता तालुक्यावरनंच आहे."

आई कात्रण घेते. लांब धरून बघते. फोटोतल्या पोरीच्या अंगात ब्लेझर आहे.

"अन् हंगामात?"

"हंगामी वसतिगृहात नाव घालता येतं शाळेतून. मी मुख्याध्यापकांशी बोलतो. पण झोपायला घरीच, म्हणून रात्री घरात मोठं माणूस पाहिजे."

"मी हाय की," आजी शेंगांवरून मान न उचलता म्हणते. "गुडघं गेल्यात. भाकरी येती अजून थापायला. बारकं बी ऱ्हाईल माझ्यापाशी."

"तुमचं ऐकत्यात व्हय ते," आई हळू आवाजात. "थोरल्या भावजींना इचारल्याबिगर काय करत न्हाईत."

सरांनी तेच वहीत लिहिलेलं आहे. ते संमतीपत्र आणि शंभर रुपयांचा विषय काढत नाहीत. कागद आजीजवळ ठेवतात. उठतात.

थोरल्या चुलत्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. चुलते पारावर बसलेत. सर पारावरच्या चौघांसमोर काही बोलत नाहीत. पावसाचं, सोयाबीनवरच्या अळीचं बोलतात. उठताना बाजूला घेऊन पाच मिनिटं.

रात्री ८:५०

सरांच्या घरी जेवण गार झालंय. बायको ते पुन्हा गरम करते. ग्रुपवर संध्याकाळचा निरोप आज उशिरा गेलाय: "सगळ्या घरी पोचल्या. एकीच्या पायाला लागलंय, तिच्या घरी जाऊन आलोय." नाव नाही. गावात तासाभरात कळेलच, पण त्यांच्या तोंडून नाही.

सात नंबरच्या आईचा आवाजी निरोप येतो, ग्रुपवर नाही, वेगळा: "सूज जरा उतारलीय."

जेवताना सर मुख्याध्यापकांना फोन करतात. मग बाईंना. मग क्रूझरवाल्याला.

"दोन हजार दोनशे जास्त होतात दादा. पोरीच आहेत."

क्रूझरवाला डिझेलचं सांगतो. सर ऐकून घेतात.

"बारा पोरी आणि एक बाई. मी माझ्या गाडीवर येतो मागून. तेवढीच जागा. दोन हजार धर."

बोलणं चालू असतानाच दुसरा फोन येतो. नंबर ओळखीचा नाही. क्रूझरवाल्याला थांबवून सर तो घेतात. थोरले चुलते.

"सर, आधारची झेरॉक्स किती लागत्यात?"

"दोन. आणि फोटो तीन."

"फोटो न्हाईत तिचं. उद्या धाराशिवला चाललोय बियाणाच्या दुकानात, संगं नेऊ का?"

"न्या. निळ्या पार्श्वभूमीचे काढा. आणि सकाळी मैदानावर यायला सांगा, मग जा."

"तालुक्यापुरतं हाय बरं का सर. पुढचं भाऊ बघंल. उचल घेतलीय त्यानं."

"तालुक्यापुरतंच म्हणतोय मी पण."

फोन ठेवून सर पुन्हा क्रूझरवाल्याला लावतात. बारा पोरी नक्की. दोन हजार नक्की का? तो एकवीसशेवर अडलाय. शंभर रुपयांसाठी अजून दहा मिनिटं जातात. शेवटी दोन हजार पन्नास ठरतात, आणि गाडी फाटकावर सव्वासहाला, साडेसहाला नाही.